माझ्यासमक्ष नष्ट

कारखान्यात माल आला की त्याची नोंद होते; माल आला नाही की त्याचे किस्से होतात. नोंदी संगणकात पडून राहतात. किस्से मात्र कॅन्टीनमधून निघतात, पार्किंगमध्ये थांबतात, घरच्या जेवणाच्या टेबलापर्यंत पोचतात आणि वाटेत जाड होतात. आमच्याकडे एका वर्षी वसंतापासून गणपतीपर्यंत माल आला नाही. त्या काळातले काही सांगतो. अतिशयोक्ती केलेली नाही. तिची गरज पडली नाही.

आमचा कारखाना जर्मनीत, झिंडेलफिंगेनपासून अर्ध्या तासावर, एका खेड्याच्या कडेला आहे. गाडीचे स्टिअरिंग हलके फिरावे म्हणून त्याला एक छोटी विजेची मोटर जोडलेली असते. ती आम्ही बनवतो. मी तिथे सव्वीस वर्षे गुणवत्ता विभाग सांभाळतो. एका मोटरीत नखाएवढे आठ चुंबक बसतात. मोटर तापली तरी त्यांची शक्ती टिकते, कारण त्यांत चिमूटभर दुर्मिळ खनिजे असतात, ज्यांना रेअर अर्थ म्हणतात. ही खनिजे पृथ्वीच्या पोटात म्हणावी तितकी दुर्मिळ नाहीत. ती शुद्ध करण्याचे कष्ट आणि घाण पत्करणारा देश दुर्मिळ आहे. तो देश चीन. त्याचे अमेरिकेशी व्यापारावरून बिनसले आणि त्याने या खनिजांच्या निर्यातीला परवाना लावला.

भांडण दोघांचे, थांबलो आम्ही!

*

संकटाची पहिली बैठक सकाळी साडेसातला, उभ्यानेच झाली. खुद्द संचालक आले होते. त्यांनी खरेदी विभागाच्या प्रमुख फ्राऊ वीडमान यांना विचारले, "हे चुंबक आपल्याकडे येतात कुठून?"

"हॅम्बुर्गहून."

"हॅम्बुर्गला खाण आहे?"

"नाही. हॅम्बुर्गला आपला वितरक आहे."

वितरकाला फोन केला. तो म्हणाला, रॉटरडॅमहून. रॉटरडॅमला फोन केला. तिथला मनुष्य म्हणाला, जहाजातून. जहाज कुठून निघते हे कळायला तिसरा दिवस उजाडला.

संचालक माझ्याकडे वळले. इथे बाईला फ्राऊ म्हणतात, तसे पुरुषाला हेर. "हेर केळकर, सव्वीस वर्षे तुम्ही या चुंबकांची लांबी, रुंदी, जाडी मोजता. तुम्हालाही माहीत नव्हते?"

मी म्हणालो, "जन्मस्थान हा आमच्या तपासणीच्या यादीतला रकाना नाही."

उत्तर बरोबर होते. पण मला ते आवडले नाही. घरी जाऊन मी मुलीचे रसायनशास्त्राचे पुस्तक उघडले. चुंबकाला उष्णता सोसण्याचे बळ देणाऱ्या खनिजाचे नाव डिस्प्रोझियम. ते ग्रीक शब्दावरून घेतले आहे आणि त्याचा अर्थ, मिळायला कठीण.

नाव ठेवणाऱ्याने सांगून ठेवले होते. वाचले कुणी नव्हते.

*

परवान्याच्या अर्जासोबत चिनी कार्यालयाने आमच्या कारखान्याचे आतले छायाचित्र मागितले. चुंबक खरोखर मोटरीतच बसतात, शस्त्रात नाहीत, याची त्यांना खात्री हवी होती. मागणी रास्त होती.

छायाचित्र काढले. ते दातेनशुत्सकडे, म्हणजे खासगी माहितीचे रक्षण करणाऱ्या अधिकाऱ्याकडे गेले. जर्मनीत त्याच्या संमतीशिवाय भिंतीवर वाढदिवसांची यादीही लागत नाही. त्याने कामगारांचे चेहरे पुसट केले. मग त्यांच्या छातीवरच्या नावाच्या पट्ट्या पुसट केल्या. मग व्यापारी गुपित म्हणून यंत्रे पुसट केली. भिंतीवरच्या कॅलेंडरवर कुणीतरी आपल्या सुट्टीचे दिवस लिहिले होते. तेही पुसट केले.

चीनहून नम्र उत्तर आले. "छायाचित्र मिळाले. छत उत्तम आहे. कृपया कारखाना दाखवावा."

*

आता ऋत्विजविषयी सांगितले पाहिजे, कारण पुढचे सगळे त्याच्यापाशी येऊन थांबते.

ऋत्विज सांगलीचा. श्टुटगार्टला शिकला आणि एप्रिलमध्ये आमच्या चाचणी विभागात लागला. मला काका म्हणतो. मे महिन्यात त्याची बायको मृण्मयी इकडे आली. इथे नोकरीचे पहिले सहा महिने प्रोबेत्साइट असते. त्या काळात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर माणसाला घरी पाठवता येते. ऋत्विजची मुदत सप्टेंबरअखेर संपत होती.

जुलैमध्ये संचालकांनी स्पष्ट सांगितले. "चुंबक संपले की लाइन बंद. कायम माणसे कुर्त्सआर्बाइटवर, अर्धे काम आणि अर्धा पगार. प्रोबेत्साइटमधल्यांना मी ठेवू शकणार नाही."

प्रोबेत्साइटमध्ये एकच मनुष्य होता. तो माझ्या शेजारी उभा होता.

बाहेर आल्यावर त्याने विचारले, "काका, किती दिवसांचे चुंबक आहेत?"

"चोवीस."

"आणि माझा व्हिसा नोकरीवर आहे."

"माहीत आहे."

"म्हणजे चीनने ठरवायचं, मी सांगलीला कधी जायचं?" तो हसला. मी हसलो नाही.

*

ऋत्विज स्वस्थ बसणारा नव्हता. एका शनिवारी तो मला वेर्टस्टोफहोफवर घेऊन गेला. गावोगावचे जुने सामान तिथे वेगवेगळ्या पेट्यांत टाकायचे असते. एका पेटीत फक्त जुने संगणक होते. प्रत्येक जुन्या हार्ड डिस्कमध्ये दोन चुंबक असतात. त्यांतून आपल्याला काही शिकता येईल, असे त्याचे म्हणणे.

फाटकावर नारिंगी जाकीट घातलेले गृहस्थ बसले होते. ऋत्विजने अतिशय शुद्ध जर्मनमध्ये विचारले, "त्यातल्या चार डिस्क आम्ही घेऊ शकतो का?"

"आणायची परवानगी आहे. न्यायची नाही."

"पण हा कचरा आहे ना?"

"पेटीत पडेपर्यंत तुमचा कचरा. पडल्यावर जिल्ह्याची मालमत्ता."

"आम्हाला संशोधनासाठी हव्यात."

"मग चार संगणक विकत घ्या. वापरा. मोडले की इथे आणा."

ऋत्विज त्या पेटीकडे बघत राहिला. म्हणाला, "म्हणजे जर्मनीला जे हवंय ते सगळं आत आहे, आणि ते जर्मनीला मिळू नये म्हणून तुम्ही इथे बसला आहात!"

गृहस्थांनी क्षणभर विचार केला आणि समाधानाने मान हलवली.

"गेनाऊ." म्हणजे, अगदी बरोबर.

*

फ्राऊ वीडमान रोज बैठकीत टेबलावर हात आपटून सांगत, "युरोपने आपले चुंबक आपण बनवले पाहिजेत! जुन्या चुंबकांतून खनिजे काढली पाहिजेत!" त्या मनापासून बोलत. मला त्यांच्याविषयी आदर आहे.

एका रविवारी त्यांनी मला आणि सुधाला, म्हणजे माझ्या पत्नीला, कॉफीला बोलावले. गाव देखणे. प्रत्येक सज्ज्यात जिरेनियमची फुले आणि प्रत्येक सज्ज्यावर एकच पिवळे कापड. त्यावर लिहिले होते, "आमच्या गावात चुंबकांचा कारखाना नको!" गावाबाहेरच्या मोकळ्या जागेवर कुणी उद्योजक जुने चुंबक विरघळवून खनिजे काढण्याचा प्रकल्प आणू पाहत होता.

सर्वांत मोठे कापड फ्राऊ वीडमान यांच्या सज्ज्यावर होते.

मी त्याकडे पाहिले. त्यांनी मला पाहताना पाहिले.

"हेर केळकर," केक कापत त्या म्हणाल्या, "तो वेगळा विषय आहे."

परतताना गाडीत मी यावर थोडे कडक बोललो. मागे बसलेली आमची मुलगी सई सोळा वर्षांची आहे. मराठी सगळे समजते, उत्तर जर्मनमध्ये देते. तिने विचारले, "पापा, आपल्या गावात आला असता तर तू सही केली असतीस? हो म्हणून?"

सुधा म्हणाली, "अहो, सिग्नल हिरवा झालाय."

*

ऑगस्ट लागला. चिनी कार्यालयाकडून "अर्ज विचाराधीन आहे" एवढेच येत होते. सहा दिवसांचे चुंबक उरले. ऋत्विजने मृण्मयीला अजून काही सांगितले नव्हते. ती घरासाठी पडदे बघत होती आणि तो "इतक्यात नको" एवढेच म्हणत होता.

त्या सकाळी बैठकीत हेर आइशेले प्रथमच बोलले. हेर आइशेले आमचे भांडारप्रमुख. श्वाबियन मनुष्य, म्हणजे इथल्या काटकसरी मुलखातला. डिसेंबरमध्ये निवृत्त होणार होते. रिकामी खोकी ते घडी करून ठेवतात, घडी केलेली खोकी बांधायला दोरी ठेवतात आणि ती दोरी ठेवायला खोके. टाकाऊ माल मांडणीवर ठेवल्याबद्दल मी त्यांना एकदा लेखी समज दिली होती. तेव्हापासून आमच्यात "सुप्रभात" आणि "शुभ सायंकाळ" याखेरीज बोलणे नव्हते.

ते म्हणाले, "तळघरात एक कपाट आहे. हेर केळकर यांनी यावे."

कपाटाला कुलूप होते. किल्ली त्यांच्या गळ्यात होती. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक्केचाळीस पुडकी होती. प्रत्येकावर चिठ्ठी. चिठ्ठीवर तारीख, नग आणि खाली त्यांच्या बोलीतले एकच वाक्य, "मर वाइस यो नी." म्हणजे, कधी लागेल सांगता येत नाही.

मी एक पुडके उघडले. आमचेच चुंबक होते. प्रत्येकावर वरच्या मुलाम्याला करडा डाग.

तो डाग मी ओळखला. सहा वर्षांपूर्वी एक अख्खी खेप मी डागांसाठी नाकारली होती. शक्ती पुरेशी होती, मापे अचूक होती. पण "कोणताही डाग चालणार नाही" असे नियमात होते आणि तो नियम मीच लिहिला होता. पुरवठादाराने निमूटपणे नवी खेप पाठवली आणि जुनी आमच्याकडेच नष्ट करायला सांगितले.

"ही तर नष्ट केली होती," मी म्हणालो.

"तुम्ही मला लेखी बजावले होते, मांडणी आवरा," हेर आइशेले म्हणाले. "मी आवरली."

*

ऋत्विजने चार दिवस मान वर केली नाही. एकेक चुंबक तापवला, मोजला, पुन्हा तापवला. बहुतेक सगळे उत्तम निघाले. मुलामा सुटू लागलेले दोनशे बारा तेवढे बाजूला काढावे लागले. उरलेल्यांवर लाइन पाच आठवडे चालली असती.

पण ते बसवता येत नव्हते. संगणक त्यांना आत घेईना. फ्राऊ वीडमान एक कागद घेऊन माझ्या खोलीत आल्या आणि त्यांनी दार लावून घेतले.

"हेर केळकर, हे चुंबक अस्तित्वातच नाहीत. हे तुमचे प्रमाणपत्र."

कागदावर लिहिले होते, "संपूर्ण खेप माझ्यासमक्ष नष्ट." खाली माझी सही. स्वच्छ, वळणदार.

"त्या दिवशी तुम्ही काय पाहिले?"

मी तारीख पाहिली. गणेश चतुर्थी होती. मुहूर्त दुपारी होता आणि घरी सगळे ताटकळले होते. हेर आइशेले यांनी "भट्टी तापायला वेळ लागेल" असे सांगितले होते. मी सही केली आणि निघालो. पूजा वेळेवर झाली. मोदक उत्तम झाले होते.

सव्वीस वर्षे मी तरुण मंडळींना एकच वाक्य शिकवत आलो आहे, "न पाहिलेल्यावर सही करू नये." ऋत्विजलाही पहिल्याच दिवशी शिकवले होते.

फ्राऊ वीडमान हळू आवाजात म्हणाल्या, "एक मार्ग आहे. आपण लिहू, की ही वेगळी खेप आहे, नजरचुकीने नोंदायची राहिली. कुणी विचारणार नाही."

"आणि दुसरा मार्ग?"

"तुम्ही लिहून द्यायचे, की तुमची सही खोटी होती. ग्राहक ते वाचेल. तुमचे काय होईल मला सांगता येत नाही."

काचेपलीकडे ऋत्विज उरलेले चुंबक मोजत होता.

मी कोरा कागद घेतला. दोन ओळी लिहिल्या. "वरील प्रमाणपत्र असत्य आहे. मी तिथे नव्हतो."

लिहून झाल्यावर पाहिले, तर सही माझी वाटत नव्हती.

*

ग्राहकाची तपासणीस बाई आली. पन्नाशीची, कोरड्या चेहऱ्याची. तिने दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. ऋत्विजचे अहवाल पानन्‌पान वाचले. मग मला विचारले, "तुम्ही तिथे नव्हता. कुठे होता?"

"घरी. देवाची प्रतिष्ठापना होती."

"वेळेवर झाली?"

"हो."

तिने काहीतरी लिहिले. मग निर्णय सांगितला. तपासलेले चुंबक वापरता येतील. मुलामा सुटलेले दोनशे बारा नष्ट करायचे. "आणि सही करणारा मनुष्य पहिल्या नगापासून शेवटच्यापर्यंत तिथे उभा असेल. बसलेला नाही, उभा. बुधवार, सकाळी दहा. चालेल?"

ऋत्विज माझ्या कानाशी पुटपुटला, "काका, बुधवारी चतुर्थी आहे!"

"चालेल," मी म्हणालो.

सोमवारी सकाळी कपाटातले चुंबक बसवलेली पहिली मोटर लाइनवरून उतरली. लाइन वाचवणारे अहवाल ऋत्विजचे होते, म्हणून मंगळवारी संचालकांनी त्याला बोलावून कायम नोकरीचे पत्र दिले. संध्याकाळी मृण्मयीचा सुधाला फोन आला, पडदे निळे घ्यावेत की पिवळे?

*

बुधवारी दहाला मी भट्टीपाशी उभा राहिलो. चुंबक पुरेसा तापला की त्याचे चुंबकत्व निघून जाते आणि तो नुसता खडा उरतो. हेर आइशेले यांनी ताटात दहा-दहाच्या रांगा लावल्या. एकवीस रांगा आणि दोन. त्यांनी मोजले. मी मोजले. फ्राऊ वीडमान यांनी मोजले. ताट आत गेले.

साडेअकराला सुधाचा फोन आला. "अहो, मुहूर्त टळतोय. यायला किती वेळ?"

"चार वाजतील."

"चार? मग प्रतिष्ठापना?"

"सईला सांग."

"सईला? तिला मंत्र कुठे येतात!"

मागून सईचा आवाज आला. ती जर्मनमध्ये म्हणत होती, फोनवर शोधते आणि वाचते, त्यात काय एवढं. थोड्या वेळाने फोनमधून तिने वाचलेले ऐकू येऊ लागले. उच्चार श्टुटगार्टचे होते. मी भट्टीवरची नजर न हलवता हात जोडले. शेजारी हेर आइशेले यांनी टोपी काढली.

दुपारी ताट बाहेर आले. थंड झाले. दोनशे बारा खडे पुन्हा मोजले, चुरा करणाऱ्या यंत्रात घातले, चुरा पिंपात भरला, पिंपाला सील लावले. एकदाही मी बसलो नाही. पाणी प्यायलाही गेलो नाही.

हेर आइशेले यांनी कागद पुढे केला. "संपूर्ण माल माझ्यासमक्ष नष्ट." मी प्रत्येक शब्द वाचला आणि सही केली. सही पुन्हा माझी वाटली.

बाहेर पाऊस होता. हेर आइशेले यांनी खुंटीवरचा माझा रेनकोट काढला आणि मला घालण्यासाठी धरला. सव्वीस वर्षांत प्रथमच. कॉलर नीट केली, खांद्यावर थोपटले.

"शुभ सायंकाळ, हेर केळकर."

"शुभ सायंकाळ, हेर आइशेले."

घरी आरती माझ्यासाठी थांबवली होती. गणपती चौरंगावर थोडा डावीकडे कलून बसला होता. तो तसाच ठेवला. सुधाने निरांजन लावले. सई दारापाशी आली आणि तिने चक्क मराठीत विचारले, "पापा, ह्या वेळी सगळं स्वतः बघितलंस?"

"सगळे," मी म्हणालो. "पहिल्यापासून शेवटपर्यंत."

आणि किल्ल्या ठेवण्यासाठी रेनकोटच्या खिशात हात घातला. किल्ल्या सुट्या निघेनात. साऱ्या एकमेकींना घट्ट धरून बाहेर आल्या आणि त्यांना चिकटून वर्तमानपत्राचे एक छोटे पुडके आले. कागद त्याच सकाळचा होता. वर चिठ्ठी होती.

तारीख, आजची. नग, एक. मर वाइस यो नी.